भिंत पालिकेची, पण चित्र कुणाचं?

उड्डाणपुलाखालच्या खांबावरचा वासुदेव गेला, मंडळी. परवा सकाळी दूध आणायला निघालो तर तिथे पांढरा प्रायमर आणि त्यावर निळ्या अक्षरांत ‘ओला कचरा, सुका कचरा’. घोषणेबद्दल तक्रार नाही. पण शेजारची अख्खी भिंत कोरी पडलीय, तिथे लिहिता आलं असतं की!

तो वासुदेव आपल्याच आळीतल्या पोरानं काढला होता. मे महिन्याच्या उन्हात, आठ दिवस शिडीवर उभं राहून. टोपीतलं एकेक मोरपीस वेगळं. मजुरी मात्र चौरस फुटावर. म्हणजे मोरपिसं काढा नाहीतर सपाट रंग फासा, रेट तोच. बिलावर नाव ठेकेदाराचं, खांबावर कुणाचंच नाही. पुसण्याआधी कुणी त्याला साधा फोनही केला नाही, मीच सांगितलं तेव्हा कळलं. म्हणाला, “जाऊ द्या ना काका, भिंत त्यांचीच आहे.”

इथंच मला पटत नाही. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प केलं होतं. १९७९ मध्ये सरकारनं त्यांना न विचारता ते उतरवून गोदामात टाकलं, पार मोडतोड झाली. भिंत सरकारची, पैसेही सरकारनंच मोजलेले. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. आधार काय, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७. कृती विकली तरी तिच्यावर आपलं नाव असण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा कलाकाराचा हक्क संपत नाही.

आता खांबावरचा वासुदेव म्हणजे विज्ञान भवन नव्हे, हे मलाही कळतं. उघड्यावरचा रंग, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे धरणारच. कधीतरी पुसावं लागेल. पण चित्राखाली काढणाऱ्याचं नाव लिहायला पालिकेला असा किती खर्च येणार? पुसण्याआधी पंधरा दिवस कळवायला? निविदेत एवढ्या दोन ओळी घातल्या तरी पुरे. आणि चित्राचा दर सपाट रंगापेक्षा वेगळा हवा, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

अर्ज तयार आहे. सोमवारी अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात देणार आहे. वासुदेवाचा फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर पाठवा, माझ्याकडे नेमका अर्धाच आलाय, पुढ्यात रिक्षा उभी.