लॅपटॉप जुना, ड्रायव्हर कोणता?



या सदरात मी नेहमी बोंडअळी, केळीवरचा करपा, ठिबकच्या नळ्यांत साचणारे क्षार असल्या विषयांवर लिहितो. आज लॅपटॉपवर लिहितो आहे म्हणून पान उलटू नका. अनुदानाचा अर्ज, पीकविमा, सातबारा, मुलांचे कॉलेजचे फॉर्म ही सगळी कामे आता या पेटीतून होतात. आणि आपल्या घरी येणारी पेटी बहुधा नवी नसते. पुण्या-नाशिकला नोकरी करणारा भाचा स्वतः नवा लॅपटॉप घेतो आणि जुना गावी पाठवून देतो. जुने यंत्र चालते ठेवणे आपल्याला काही नवे नाही. पंधरा वर्षांची मोटर रिवाइंड करून आपण वापरतोच.

२०२३ च्या पावसाळ्यात मी शिंदखेडा तालुक्यातील एका गावी कपाशीतले कामगंध सापळे पाहायला गेलो होतो. शिवारातून परतल्यावर घरधन्याने चहाला बसवले आणि लॅपटॉप पुढे ठेवला. "साहेब, हाई पेटी मुकी व्हई गई," ते म्हणाले. लॅपटॉप दहा वर्षांचा होता, विंडोज ७ वर बरा चालत होता. जरा सुस्त झाला म्हणून मुलीने तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. दुकानदाराने फॉरमॅट मारून विंडोज १० टाकून दिले. घरी आणून पाहतात तो वायफाय नाही, आवाज नाही, पडद्यावरची अक्षरे ढब्बू आणि अस्पष्ट. दुकानदार म्हणाला, जुना माल आहे, याचे ड्रायव्हर आता मिळत नाहीत. इकडे ठिबकच्या अर्जाची महाडीबीटीवर निवड झालेली, कागदपत्रे चढवायला चार दिवस उरलेले. मोबाइलवरून खटपट करून झाली होती, पण फायलींचा आकार काही बसत नव्हता. मुलगी रडवेली झाली होती.

दुकानदाराचे म्हणणे खरे नव्हते. ड्रायव्हर मिळत होते. ते कोणते हवेत हे कोणी पाहिले नव्हते.

ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा माणूस नव्हे, तरी काम थोडेफार तेच. आपल्याकडच्या सालदाराचे उदाहरण घ्या. मालक म्हणतो, वखर घाल. कोणता बैल डावीकडे जुंपायचा, कोणता मारका आहे, हे सालदाराला ठाऊक असते. विंडोज हा मालक. वायफायचा पत्ता, आवाजाचा पत्ता, पडद्याचा पत्ता हे बैल. ड्रायव्हर हा प्रत्येक बैलाचा स्वतंत्र सालदार. फॉरमॅट मारणे म्हणजे आखाजीला सगळे सालदार एकदम काढून टाकणे. नवा मालक काही सालदार सोबत घेऊन येतो, पण दहा वर्षांपूर्वीच्या बैलाला ओळखणारा त्यांत असेलच असे नाही.

आता बैल ओळखायचा कसा ते सांगतो. लेखातला हा भाग नीट वाचा, बाकीचा वाचला नाही तरी चालेल.

पडद्याच्या कोपऱ्यातील स्टार्टच्या बटनावर माउसची उजवी कळ दाबा. यादी उघडेल, तीत 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा. यंत्राच्या सर्व भागांची यादी दिसेल. ज्या भागाला सालदार नाही त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण आणि उद्गारचिन्ह असते, आणि नाव 'अननोन डिव्हाइस' किंवा 'नेटवर्क कंट्रोलर' असे मोघम असते. त्यावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स' उघडा आणि खालच्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. आकडे आणि अक्षरे मिसळलेली एक लांबलचक ओळ येईल. घाबरू नका. त्या ओळीत व्ही-ई-एन या अक्षरांपुढे चार खुणा असतात, तो बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक. डी-ई-व्ही पुढे चार खुणा असतात, तो त्या वस्तूचा क्रमांक. सातबाऱ्यावरचे गाव आणि गट नंबर जसे, तसे हे. नावे सारखी असतात, गट नंबर चुकत नाही. हे दोन्ही क्रमांक वहीत उतरवून घ्या.

कंपनीचे काही क्रमांक पाठच करून टाका. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली निघालेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अॅथेरॉस. कॅमेरा आणि ब्लूटूथ बहुधा आतून यूएसबीने जोडलेले असतात, तिथे व्ही-आय-डी आणि पी-आय-डी अशी अक्षरे दिसतील, अर्थ तोच.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर वायफायपुढे १४ई४ निघाले, म्हणजे ब्रॉडकॉम. दुकानदाराने टाकून पाहिलेला ड्रायव्हर रिअलटेकचा होता. माती न तपासता शेजाऱ्याचे पाहून खताची मात्रा द्यावी, तसा प्रकार. लॅपटॉपच्या एकाच मॉडेलमध्ये कंपनी तीन-तीन प्रकारचे वायफाय पत्ते बसवते, म्हणून वरचे नाव जुळले तरी आतला सालदार जुळत नाही.

बरे, पिवळा त्रिकोण कुठेच नसेल तर? मग दोष ड्रायव्हरचा नसावा. जुन्या लॅपटॉपला पुढच्या किंवा बाजूच्या कडेला वायफाय बंद-चालू करणारी एक बारीक सरकती कळ असे. साफसफाई करताना ती सरकते आणि माणूस आठवडाभर डोके धरून बसतो. माझे स्वतःचे असे दोन दिवस गेले आहेत, म्हणून सांगतो.

पुढची अडचण अशी की ड्रायव्हर आणायला इंटरनेट लागते आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर लागतो. विहिरीत पाणी आहे पण दोर नाही, तशी गत. इथे मोबाइल कामाला येतो. मोबाइल डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. अँड्रॉइड मोबाइलसाठी लागणारा सालदार विंडोज १० जवळ आधीपासून असतो. केबल मात्र डेटाची हवी. बाजारात नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबली फार आहेत. इंटरनेट सुरू होताच नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'मीटर्ड कनेक्शन' करा. नाहीतर विंडोज स्वतःची मोठमोठी दुरुस्ती उतरवत बसेल आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपेल.

यानंतर विंडोज अपडेटच्या पानावरील 'ऑप्शनल अपडेट्स' उघडा. त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' असे खाते असते. निम्मे काम पुष्कळदा इथेच होते. त्या मुलीच्या लॅपटॉपचा आवाज आणि पडदा इथूनच सुधारले.

जे इथे मिळत नाही त्यासाठी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावे. तिथे यंत्राचा अचूक क्रमांक विचारतात. डेल असेल तर खालच्या चिठ्ठीवर सात खुणांचा 'सर्व्हिस टॅग' असतो, एचपीवर 'प्रॉडक्ट नंबर', लेनोव्होवर 'मशीन टाइप'. चिठ्ठी घासून गेली असेल तर स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा. मॉडेलचे नाव तिथे सापडते. तिथेच 'सिस्टम टाइप' पुढे ६४ की ३२ हेही पाहून घ्या. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, काही केल्या नाही. विंडोज १० साठी काही दिलेले नसेल तर विंडोज ८.१ किंवा ७ साठीचा ड्रायव्हर घेऊन पाहायला हरकत नाही. पुष्कळदा तो चालून जातो. फक्त त्याआधी 'रिस्टोर पॉइंट' करून ठेवा, म्हणजे बिघडल्यास मागे येता येते.

कंपनीने पान काढून टाकले असेल तरी मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टची 'अपडेट कॅटलॉग' नावाची मोठी वखार आहे. तिच्या शोधाच्या चौकटीत वहीतले क्रमांक, ओळीत होते तसेच, व्ही-ई-एन पासून डी-ई-व्ही च्या चार खुणांपर्यंत टाका. जुळणारे ड्रायव्हर समोर येतात. ती फाइल कॅब प्रकारची असते. दोनदा टिचकी मारली की उघडते, आतल्या सगळ्या वस्तू एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायच्या. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर' असे करत तो फोल्डर दाखवायचा. मुलीचे वायफाय शेवटी असे सुरू झाले. रात्रीचे साडेआठ वाजले होते, आणि चहाचे जेवणावर गेले होते. कागदपत्रे दुसऱ्या दिवशी चढली.

बरेच ड्रायव्हर एकदम टाकायचे असतील तर क्रम पाळा. आधी चिपसेट, मग पडदा, मग आवाज आणि नेटवर्क, टचपॅड शेवटी. प्रत्येकानंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा.

कंपनीच्या त्याच पानावर 'बायोस' नावाची एक फाइल दिसेल. ती ड्रायव्हर नव्हे. तिला हात लावू नका, निदान आपल्या गावात तरी नाही. बायोस बदलत असताना वीज गेली तर यंत्र कायमचे मरू शकते, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी दोन मिनिटेही तग धरत नाही. आपल्याकडची वीज कधी जाते हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ड्रायव्हर शोधायला गेलात की 'एका टिचकीत सर्व ड्रायव्हर मोफत' अशी हिरवी बटने दिसतात. मुलीच्या चुलतभावाने मोबाइलवर असलेच एक उतरवून लॅपटॉपवर चढवले होते. त्याने यंत्रात छत्तीस दोष दाखवले आणि दुरुस्तीसाठी पैसे मागितले. वर जाहिरातींचा चिखल केला तो निराळा. आधी ते काढण्यातच तास गेला. ज्या यंत्रावर आपण बँकेचे खाते उघडतो, आधारचे कागद ठेवतो, त्यावर अनोळखी माणसाचा सालदार ठेवायचा का, याचा विचार तुम्हीच करा. ड्रायव्हर दोनच ठिकाणचा घ्यावा: यंत्र किंवा त्याचा भाग बनवणाऱ्या कंपनीचा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचा.

गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणांनाही एक सांगायचे आहे. प्रिंटर आणि अंगठ्याचे यंत्र यांनाही स्वतःचे ड्रायव्हर असतात. अंगठ्याच्या यंत्राला वर 'आरडी सर्व्हिस' नावाचा आणखी एक प्रोग्राम लागतो. ड्रायव्हर असून अंगठा उमटत नसेल तर तो पाहा.

आता फॉरमॅटपूर्वीची तजवीज. खरे तर ही सुरुवातीलाच सांगायला हवी होती, पण आधी रोग पाहिल्याशिवाय बीजप्रक्रियेचे महत्त्व कुणाला पटत नाही. लॅपटॉपवर विंडोज १० असेल आणि सगळे नीट चालत असेल, तेव्हाच ड्रायव्हरांची प्रत काढून ठेवा. पेन ड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर करा. 'कमांड प्रॉम्प्ट' हा 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा. इंग्रजीत पी-एन-पी-यू-टी-आय-एल लिहा, जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ देऊन 'एक्सपोर्ट', आडवी रेघ, 'ड्रायव्हर' लिहा, जागा सोडून चांदणी, पुन्हा जागा सोडून त्या फोल्डरचा पत्ता. मुलांनी एमएस-सीआयटी केले असेल तर त्यांना वाचून दाखवा, पाच मिनिटांचे काम आहे. विंडोजसोबत न आलेले, बाहेरून टाकलेले सर्व ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये येतात. फॉरमॅटनंतर तोच फोल्डर डिव्हाइस मॅनेजरला दाखवला की झाले. आणि दुकानात देताना दुकानदाराला बजावून सांगा, की आतल्या फायली पुसू नका. फॉरमॅटमध्ये मुलांचे फोटोही जातात.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज ११ अशा जुन्या लॅपटॉपवर रीतसर बसत नाही. त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते. म्हणून बँकेची कामे ज्यावर करता त्या जुन्या यंत्रासाठी लिनक्सचा विचार करावा, असे माझे मत आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचे लिनक्स तयार केले आहे, त्यात मराठीही आहे. लिनक्समध्ये बहुतेक जुने ड्रायव्हर आधीपासूनच असतात. अनेक लिनक्स पेन ड्राइव्हवरून, आतले काही न पुसता, चालवून पाहता येतात. वायफाय आणि आवाज लागतो का ते बघा, मगच बसवा. ब्रॉडकॉमचे पत्ते मात्र तिथेही कधीकधी आडमुठेपणा करतात.

आणि एवढे करूनही वायफायचा ड्रायव्हर मिळालाच नाही, तर हट्ट सोडा. यूएसबीला लावायचा बोटाएवढा वायफायचा तुकडा काही शे रुपयांत मिळतो. घेताना खोक्यावर तुमच्या विंडोजचे नाव छापलेले आहे का, ते पाहून घ्या.