आरसीचा अभ्यास शब्दांच्या यादीने होत नाही

कॅटची तयारी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते: गणित निघते, पण व्हीएआरसी बुडवते. आयआयएमच्या या प्रवेश परीक्षेत प्रत्येक विभागाचा कटऑफ वेगळा पाहिला जातो. त्यामुळे गणितात उत्तम पर्सेंटाइल मिळवूनही व्हीएआरसी हा इंग्रजी भाषेचा आणि उतारा-आकलनाचा (आरसी) विभाग पडला की मुलाखतीचे बोलावणे येत नाही. कारण विचारले तर घरचे, मित्र आणि क्लासवाले एकाच सुरात सांगतात, ‘इंग्रजी कच्चे आहे.’ मग त्यावरचा इलाजही ठरलेला असतो. रोज वीस नवे शब्द पाठ करायचे, वाचनाचा वेग वाढवायचा, आधी प्रश्न वाचून मग उताऱ्यात उत्तर शोधायचे. हे निदान अर्धेच बरोबर आहे असे माझे मत आहे, आणि अर्ध्या निदानावर वर्ष-दोन वर्षे औषध घेत राहिल्याने अनेक हुशार मुलांचे खरे दुखणे तसेच राहते. युक्तिवाद वाचण्याची सवय नसणे हे ते दुखणे. ही सवय इंग्रजीत नसते तशी बहुतेकदा मराठीतही नसते.

आधी वेगाचे पाहू. अलीकडच्या वर्षांत कॅटच्या या विभागाला ४० मिनिटे आणि २४ प्रश्न असतात. त्यातले १६ प्रश्न चार उताऱ्यांवरचे. एक उतारा सुमारे ५०० शब्दांचा धरला तर चारही उतारे मिळून वाचायचा मजकूर २,००० शब्दांचा झाला. मार्क ब्रिस्बर्ट या संशोधकाने २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले की प्रौढ माणूस इंग्रजीतले ललितेतर गद्य मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २३८ शब्द या गतीने वाचतो. ही गती प्रामुख्याने इंग्रजी मातृभाषा असलेल्यांची आहे. आपल्याकडचा विद्यार्थी तिच्या निम्म्या गतीने, म्हणजे मिनिटाला १२० शब्द वाचत असेल, तरी चारही उतारे १७ मिनिटांत एकदा पूर्ण वाचून होतात आणि प्रश्नांसाठी २३ मिनिटे उरतात. हातात वेळ फार नाही हे खरे, पण ‘वेळच पुरला नाही’ ही तक्रार एवढ्याने उलगडत नाही. वेळ जातो तो तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचण्यात आणि दोन पर्यायांमध्ये अडकून पडण्यात. पहिल्या वाचनात लेखकाची भूमिका हाती लागली नाही म्हणून पुन्हा मागे जावे लागते. अशा वाचकाने वेग वाढवला तर न समजलेला मजकूर तो अधिक लवकर संपवेल, इतकेच.

अडकणे म्हणजे नेमके काय, ते एका नमुन्यावरून पाहता येईल. समजा, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर उतारा आहे आणि त्यात अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात मांडलेला विचार आहे. पहिल्या परिच्छेदात लेखक प्रचलित समजूत सांगतो: धान्य कमी पडले म्हणून माणसे मेली. ती तो इतक्या सविस्तर आणि सहानुभूतीने सांगतो की त्याचेच मत वाटावे. दुसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी ‘येट’ (तरीही) हा एवढासा शब्द येतो आणि उतारा वळतो. धान्याची उपलब्धता आधीच्या वर्षांच्या मानाने फार घटलेली नव्हती. किमती भडकल्या आणि त्या मानाने मजुरी वाढली नाही, म्हणून शेतमजूर आणि मच्छीमार यांच्या आवाक्यातून तांदूळ गेला. आता प्रश्न येतो, लेखकाला यांपैकी काय मान्य होईल? एक पर्याय म्हणतो, बंगालमध्ये तेव्हा धान्य मुबलक होते. दुसरा म्हणतो, उपासमारीचा धान्याच्या उत्पादनाशी काही संबंध नसतो. तिसरा म्हणतो, सरकारने धान्याचे साठे राखले पाहिजेत. चौथा म्हणतो, उपासमार समजून घ्यायची तर धान्य किती होते याबरोबरच ते कोणाला मिळवता येत होते हेही पाहिले पाहिजे. पहिल्या पर्यायात ‘फार घटलेली नव्हती’चे ‘मुबलक’ झाले आहे. दुसरा लेखकाचे म्हणणे टोकाला नेतो. तिसरा शहाणपणाचा आहे, कदाचित खराही आहे, पण उताऱ्यात तो नाहीच. उत्तर चौथे. हा प्रश्न सोडवायला अवघड इंग्रजी शब्द एकही लागला नाही. ‘फार’ आणि ‘मुबलक’ यांतले अंतर, लेखकाचे मत आणि त्याने उद्धृत केलेले दुसऱ्याचे मत यांतला भेद, आणि आपल्याला पटते ते बाजूला ठेवून समोर लिहिले आहे तेवढेच घेण्याचा संयम, एवढ्यावर तीन गुण मिळाले. यातले काही चुकले तर तीन गुण हुकतात आणि वर एक कापला जातो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो मी टाळणार नाही. शब्दच येत नसतील तर युक्तिवाद कुठून कळणार? पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञाने २००६ मध्ये मांडले की सर्वसाधारण इंग्रजी लेखनातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलांची ओळख लागते. एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक शब्दकुल. ९८ टक्के म्हणजे ५०० शब्दांच्या उताऱ्यात दहा अनोळखी शब्द. संदर्भाने त्यांचा अंदाज बांधता येतो. हेच प्रमाण ९५ टक्क्यांवर आले तर २५ शब्द अडतात आणि वाचक ठेचकाळू लागतो. म्हणजे एक उंबरठा आहे, आणि तो ओलांडल्याशिवाय वाचनाचे कोणतेही कौशल्य दुसऱ्या भाषेत कामी येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या ज्या मुलांना साधी इंग्रजी बातमी जड जाते, त्यांनी आधी भाषेवरच कष्ट घेतले पाहिजेत. पण आठ-नऊ हजार शब्दकुले यादी घोकून येत नाहीत. एकच शब्द निरनिराळ्या वाक्यांत पुन्हापुन्हा भेटला की तो आपला होतो, आणि अशा भेटी वाचनातच घडतात. यादी घोकण्याचा हा वारसा जीआरई या अमेरिकी प्रवेश परीक्षेच्या जुन्या रूपाचा आहे. तिच्यात विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे सुटे प्रश्न असायचे, तेव्हा बॅरन्स या प्रकाशनाची साडेतीन हजार शब्दांची यादी पाठ करण्यात काही अर्थ होता. ऑगस्ट २०११ पासून ते प्रश्न जीआरईतून गेले. परीक्षा बदलली, आपल्या अभ्यासिकांतली वही बदलली नाही.

शब्दांहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे विषयाची ओळख. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ अमेरिकी विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्च्या पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांना, वाचनात पक्क्या पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा मजकूर चांगला समजला. समज नुसती भाषेवर उभी नसते, डोक्यात आधी काय साठले आहे यावरही ती उभी असते, आणि तो साठा कोणत्या भाषेतून आला याला फारसे महत्त्व नाही. वरच्याच बंगालच्या दुष्काळाच्या उताऱ्याकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे का काढली गेली, या योजनेचे प्रणेते वि. स. पागे यांची त्यामागची भूमिका काय होती, १९७७ मध्ये त्याचा कायदा का झाला, हे ज्याने मराठीत वाचले आहे, त्याला सेन यांचा मुद्दा नवा वाटणारच नाही. माणसाच्या हाताला काम आणि कामाचे पैसे मिळाले तर तो बाजारातून धान्य घेऊ शकतो, हे आपल्या राज्याने करून पाहिलेले आहे. असा वाचक इंग्रजी उताऱ्यात शिरतो तेव्हा त्याला शब्द अडले तरी वाट माहीत असते. कॅटमधले उतारे मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, पर्यावरण, अर्थकारण, साहित्यविचार अशा विषयांवर येतात. अभियांत्रिकीची चार वर्षे या विषयांचे एक पानही न उघडलेल्या मुलाला ते परके वाटतात, आणि मग तो म्हणतो, इंग्रजी अवघड होते.

युक्तिवाद वाचण्याची ही सवय शाळेत का लागत नाही? महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. भाषेशी तोंडओळख त्यामुळे लवकर होते, हे चांगलेच आहे. पण दहावीच्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या कृतिपत्रिका शेजारी ठेवून पाहाव्यात. आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, कोण कोणास म्हणाले. उताऱ्यावरच्या कृतींचा मोठा भाग उताऱ्यातला शब्द शोधून जागेवर ठेवण्याचा असतो. मूल हे झपाट्याने शिकते, कारण उतारा न समजताही ते जमते. स्वमताची कृती असते, पण तिथे बहुधा साचेबंद उत्तर लिहिले जाते. लेखकाने हे का म्हटले, कशाच्या आधारावर म्हटले, त्याला कोण विरोध करील, त्याने काय गृहीत धरले, हे प्रश्न मराठीच्या तासालाही क्वचितच पुढे येतात. बारा वर्षे उताऱ्यात शब्द हुडकण्याची सवय लागलेला विद्यार्थी पदवीनंतर एकाएकी अनुमान करायला बसतो. ‘आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात शोधा’ ही क्लासमधली क्लृप्ती त्याला जवळची वाटते ती याच सवयीमुळे, आणि ती फसतेही याच कारणाने. लेखकाची भूमिका कोणत्याही एका ओळीत लिहिलेली नसते.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे. मराठी मुलाची समज इंग्रजीतून का मोजायची? परीक्षाच मराठीत घ्या. या म्हणण्यात न्यायाचा भाग मोठा आहे. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत २०११ मध्ये सीसॅट हा कलचाचणीचा पेपर आला, त्यातल्या इंग्रजी उताऱ्यांवरून आणि बोजड हिंदी भाषांतरावरून २०१४ मध्ये आंदोलन पेटले, सरकारने इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेसाठी न धरण्याचा निर्णय केला आणि २०१५ पासून तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी होणाऱ्या सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा पहिला पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही छापला जातो, आणि आकलन हा त्याच्या अभ्यासक्रमातला एक घटक आहे. ज्या अभ्यासक्रमाचे शिक्षण मराठीत होऊ शकते, तिथे प्रवेशाची कसोटीही मराठीत असावी, हे मी ठामपणे मानतो. पण आयआयएममधला अभ्यास इंग्रजीत चालतो. तिथे पहिल्या आठवड्यापासून इंग्रजी केस स्टडी वाचाव्या लागतात. प्रवेशाला इंग्रजी वाचन न तपासणे म्हणजे अडचण पुढे ढकलणे, आणि पुढे तिची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते. शिवाय उतारा मराठीत छापला तर अडथळ्याचा एक थर जातो, दुसरा राहतोच. ‘फार घटलेले नव्हते’ आणि ‘मुबलक होते’ यांची गल्लत मराठीतही होते.

तिसरा आक्षेप वेळेचा आहे. नोकरी करून तयारी करणाऱ्याला सावकाश वाचन परवडत नाही, त्याला युक्त्याच हव्यात, असे म्हटले जाते. परीक्षा दोन आठवड्यांवर असेल तर मीही पर्याय गाळण्याचा सरावच करायला सांगेन. सहा महिने हातात असतील तर मात्र रोजचे पाऊण तासाचे वाचन मॉकमागून मॉक देण्यापेक्षा जास्त देते. एक लेख वाचावा, मिटावा आणि त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत तीन ओळींत लिहावा. मराठीत लिहिला तरी चालेल. लिहिता आला नाही तर लेख समजलेला नाही, आणि हे परीक्षेच्या आधी कळलेले बरे. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ मराठीत आहे आणि त्यांनी स्वतःच केलेले त्याचे इंग्रजी रूपही मिळते. एक प्रकरण आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत वाचले की तोच युक्तिवाद दुसऱ्या भाषेत कसा चालतो ते दिसते. डॉ. आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे १९३६ मध्ये लिहिलेले भाषण प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडून मग एकेक मुद्दा खोडून काढणाऱ्या इंग्रजी गद्याचा धडाच आहे, आणि त्याचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत. आगरकर आणि गोखले यांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच अंकात असे. दोन भाषांत विचार करण्याची ही रीत आपल्याकडे बाहेरून आणायला नको.

महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळवणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत, आणि त्यांतल्या अनेकांनी अभ्यासिका चालवल्या आहेत. तिथे मुले पहाटेपासून बसतात, स्वतःच्या नोट्स आणि टेस्ट सिरीज घेऊन. शेजारच्या खोलीतली पुस्तकांची कपाटे बंद असतात. ग्रंथालयांच्या कार्यकारिणींना आणि सारथी, बार्टी, महाज्योती यांसारख्या प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे: अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास, दहा मुले, एक मराठी लेख आणि त्याच विषयावरचा एक इंग्रजी लेख, आणि ‘लेखक नेमके काय म्हणतो’ या एका प्रश्नावर चर्चा, एवढे सुरू करा. त्यासाठी नवा निधी लागत नाही. कपाटाची किल्ली लागते, आणि ती ग्रंथपालाकडे आहे.