नामवाक्य आणि माझा गेलेला शनिवार

परवा परतवाड्याला गेलो होतो. भाची दहावीला आहे. तिची इंग्रजीची वही चाळली तर पानंच्या पानं रेघा. 'आय नो दॅट ही इज ऑनेस्ट', खाली रेघ, बाजूला 'नाउन क्लॉज, ऑब्जेक्ट ऑफ द व्हर्ब'. सगळं बरोबर. म्हटलं, आता तू एक बनव: तो कुठी रायते, मले माहीत नाई. उत्तर तयार: "आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह."

चूक दाखवली तर म्हणते, "मामा, बनवाचं नसते, ओळखाचं असते. दोन मार्क भेटते."

माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही हो! मराठीच्या तासाला हेच नामवाक्य शिकवतात, पण दोन्ही तासांची गाठ कोणी घालून देत नाही. मराठीत प्रश्न असो वा विधान, 'तो कुठे राहतो' तसंच राहतं. इंग्रजीत प्रश्नासाठी 'डज' आणावं लागतं आणि प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की ते काढावं लागतं: 'व्हेअर ही लिव्ह्ज'. पाच मिनिटांचं काम. पण पोरं 'डज' आणायला शिकतात, काढायला नाही.

आता माझीच फजिती. पहिल्या नोकरीत क्लायंटला मेल लिहिली. सहकारी म्हणाला होता की मी शुक्रवारपर्यंत करतो. मी लिहिलं, "ही सेड दॅट आय विल फिक्स इट बाय फ्रायडे." झालं! क्लायंटच्या लेखी काम माझं. शुक्रवारी कोणीच केलं नाही, शिव्या मला, आणि शनिवार ऑफिसात. मराठीतला 'की' समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवू देतो. इंग्रजीतल्या 'दॅट'नंतर तेच शब्द आपल्या जागेवरून सांगावे लागतात: 'ही सेड दॅट ही वुड फिक्स इट'. हे मला दहावीपर्यंत कोणी सांगितलं नाही. रेघा मात्र मी पण झकास मारायचो.

तुम्ही म्हणाल, ग्रामर सोडा, बिनधास्त बोला. स्पोकन इंग्लिशवाले हेच विकतात. चहाच्या टपरीवर चालतं, हातवारे असतात. मेलमध्ये हातवारे नसतात राव.

आणि 'लवकर सुरू करा' हा उपायही करून झालाय. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० साली राज्यानं ते पहिलीपासून केलं. त्या बॅचची पोरं आता टीममध्ये आहेत आणि अजून 'प्लीज टेल मी व्हॉट इज द स्टेटस' लिहितात. (मीही घाईत लिहितो. असो.) त्यापेक्षा जुनी तर्खडकर भाषांतर पाठमाला बरी. निदान मराठी वाक्य देऊन इंग्रजी करायला तरी लावायची.

संध्याकाळी भाचीला वीस वाक्यं दिली, सगळी वऱ्हाडीत. बाराव्यापासून 'डज' आपोआप गळायला लागलं.

"मामा, मंग पेपरात रेघ नाई मारू का?"

मार म्हटलं बाई, दोन मार्क आहेत.