किती पोचेल?

बँकेत असताना माझ्या एका सहकाऱ्याला आम्ही गमतीने ‘विनियोगवाले’ म्हणत असू. कर्ज मंजूर झाले, पैसे उचलले गेले, की इतरांचे काम संपे. याचे तिथून सुरू होई. म्हशीच्या कर्जातून म्हैसच आली का, विहिरीचे पैसे विहिरीत उतरले की मुलीच्या लग्नात, हे पाहायला तो रविवारीदेखील खेड्यावर जाई. ‘मंजूर किती झालं ते कागद सांगतो. पोचलं किती, ते गावात जाऊन बघावं लागतं,’ हे त्याचे ठरलेले वाक्य.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्याला यकृताचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया शक्य नव्हती. डॉक्टरांनी केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून एक वेगळा उपचार समजावला. मी शेजारीच बसलो होतो. सगळे शांतपणे ऐकून घेऊन त्याने विचारले, ‘डॉक्टर, यातलं गाठीपर्यंत किती पोचेल?’ डॉक्टर तरुण होते आणि प्रामाणिक होते. ‘बरंचसं पोचतं, काका. पण नेमकं किती, हे आधी छातीठोकपणे नाही सांगता येत.’

त्या उत्तराने मला अस्वस्थ केले आणि मी या विषयाच्या मागे लागलो.

यकृताला रक्त दोन वाटांनी येते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून, आणि उरलेले धमनीतून. निरोगी यकृत मुख्यतः शिरेवर जगते. कर्करोगाची गाठ मात्र आपले पोषण प्रामुख्याने धमनीतून ओढून घेते. याच भेदाचा फायदा हा उपचार घेतो. बारीक नळी धमनीतून यकृतापर्यंत न्यायची आणि यिट्रियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य असलेले काचेचे किंवा राळेचे लाखो मणी रक्तात सोडायचे. मण्यांचा व्यास २० ते ६० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी. ते गाठीच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकून बसतात आणि जागच्या जागी किरण सोडतात. हे किरण सरासरी अडीच मिलिमीटर आत जातात. ६४ तासांत त्यांचे बळ निम्म्यावर येते.

म्हणजे सारा प्रश्न मणी नेमका कुठे जाऊन बसतो याचा. गाठीत बसला तर औषध, चांगल्या यकृतात बसला तर इजा, आणि वाट चुकून जठराकडे गेला तर तिथे व्रण. त्यात प्रत्येकाच्या धमन्यांची रचना निराळी असते. शिवाय पॉझ्वी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४०च्या दशकात बारीक नळ्यांवर प्रयोग करून दाखवले होते, की दाब तोच ठेवून नळीची रुंदी निम्मी केली तर प्रवाह निम्मा राहत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. डोळ्यांना किंचित वाटणारा फरक रक्ताच्या वाटणीत एवढा मोठा होतो. कितीही अनुभवी नजर असली तरी हा हिशेब मनात होण्यासारखा नाही.

इथे संगणक येतो. रुग्णाच्या स्कॅनवरून त्याच्या यकृतातील धमन्यांचे झाड संगणकात उभे करायचे, प्रवाहाची समीकरणे सोडवायची आणि कोणत्या फांदीत किती रक्त, पर्यायाने किती मणी जातील, ते काढायचे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील क्लाइनस्ट्रॉयर आणि कर्करोगतज्ज्ञ केनेडी यांनी २०१०च्या सुमारास अशा गणिताने दाखवून दिले, की धमनीच्या रुंदीत मणी नेमका कुठे सोडला यावर तो कोणत्या फाट्यात वळणार हे बरेचसे ठरते. शेताला पाणी देताना दारे धरणाऱ्याला हे नवे नाही. पाटाच्या काठाशी टाकलेले पान पहिल्या फाट्यात वळते, मध्यावर टाकलेले पुढे निघून जाते. पुढे कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठात एमिली रोन्काली यांच्या गटाने प्रवाहाचे हे गणित किरणांच्या मात्रेच्या गणिताला जोडले.

नेमक्या हिशेबाने खरेच फरक पडतो का? फ्रान्समधील चार केंद्रांतील ६० रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला यकृताच्या भागाची सरासरी धरून नेहमीची मात्रा दिली. दुसऱ्या गटात प्रत्येकाच्या गाठीत किती मात्रा पोचेल हे आधी मोजून ती ठरवली. ज्यांची पुढे तपासणी करता आली अशा प्रत्येक गटातल्या २८ जणांपैकी पहिल्या गटात १० जणांच्या गाठीने उपचाराला दाद दिली, दुसऱ्यात २० जणांच्या. हे मोजमाप प्रवाहाच्या गणिताचे नव्हते. आधी निरुपद्रवी कण सोडून स्कॅन काढण्याच्या रूढ पद्धतीचे होते. पण ते कण खऱ्या मण्यांसारखे तंतोतंत वागतातच असे नाही. ही उणीव भरून काढण्याची आशा प्रवाहाच्या गणिताकडून आहे.

तरीही मी संगणकाचा भाट नाही. आमच्या शाखेत पहिला संगणक आला तेव्हा एक गोष्ट लवकरच ध्यानात आली: संगणकाने छापलेली चूकही सुबक दिसते. खातेवहीतील खाडाखोड निदान शंका तरी उत्पन्न करी. इथेही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांबद्दल काही गृहीत धरावे लागते. रक्त साध्या पाण्यासारखे वाहत नाही. मणी साचू लागले की प्रवाहही पालटतो. गृहीतक चुकले, तर पडद्यावरचे रंगीत चित्र निव्वळ भूल पाडील.

म्हणून माझे मागणे साधे आहे. संगणकाचे भाकीत उपचारापूर्वी लिहून ठेवावे. उपचारानंतर मणी प्रत्यक्षात कुठे बसले ते स्कॅनमध्ये दिसू शकते. ते शेजारी मांडावे. जमले तेही आणि फसले तेही, सारे उघड असावे. आम्ही रोज संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जात नव्हतो. रुग्णाच्या बाबतीत असा ताळा जिथे नियमाने जुळवला जाईल, तिथेच या नव्या गणितावर विश्वास टाकावा. आणि हा खर्च वायफळ आहे असे कुणी म्हणू नये. लाखो रुपयांचा उपचार, तोही एखाद-दुसऱ्या संधीचा. तो कुठे पोचणार हे आधी जाणून घेण्यावर हात आखडता घेणे ही काटकसर नव्हे.

माझा मित्र उपचारानंतर वर्षभर होता. उपचार चुकला असे मी म्हणत नाही. आजारच पुढे गेलेला होता. शेवटी शेवटी त्याने एकदाच तो विषय काढला. ‘कुणी तपासून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं रे,’ म्हणाला, ‘पोचलं नव्हतं असं कळलं असतं, तरी.’

मंजुरी पाहून समाधान न मानणारा तो माणूस. त्याच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारे शास्त्र आता आकाराला येत आहे. पुढच्या रुग्णाने तोच प्रश्न विचारला, तर डॉक्टरांनी केसपेपर उलटा करून चित्रापाशी एक आकडाही लिहावा, आणि नंतर तो तपासून दाखवावा.