रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका!



गटारी तोंडावर आली आहे. ‘उद्यापासून श्रावणभर थेंबही नाही,’ असे शब्द आता घरोघरी दिले जातील. श्रावण जरूर पाळा. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर घोट लागतो, त्याची दारू डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, ही कळकळीची विनंती.

वर्षानुवर्षे रोज दारू मिळालेला मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. ती अचानक थांबली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, असंबद्ध बडबड, ताप सुरू होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. आणि नेमक्या याच वेळी ‘बाहेरचं झालंय’ म्हणत अंगारा लावण्यात मोलाचे तास निघून जातात.

व्यसन कशामुळे लागलं, यावरून घरोघरी भांडणं होतात. कुणी म्हणतं संगत, कुणी म्हणतं बापाचं रक्त, कुणी मनाचा कमकुवतपणा. कुणी तर सुनेचा पायगुणही काढतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा दिसतो. पण परिस्थितीचा जोरही मोठा आहे: व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या बहुतेक अमेरिकन सैनिकांचं व्यसन मायदेशी परतल्यावर सुटलं. निश्चयाचं मोलही कमी नाही. मात्र फिट निश्चयाने थांबत नाही, तिला औषधच लागतं. पायगुणाचा आरोप तर निव्वळ अन्याय आहे. माऊलींनो, त्याच्या पिण्याचा दोष स्वतःवर घेऊ नका.

म्हणून एवढं कराच:

१. दारू थांबवण्याआधी त्याला सरकारी रुग्णालयात किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. किती आणि कधीपासून पितो, ते खरं सांगा.

२. फिट आली, भास होऊ लागले, तर लगेच १०८ ला फोन करा.

३. ‘नकळत दारू सोडवा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या जेवणात कालवू नका. त्यातल्या औषधाची दारूशी घातक प्रतिक्रिया होऊ शकते.

४. शरीर सावरल्यावर तिथेच थांबू नका. पुण्यात १९८६ पासून काम करणारं ‘मुक्तांगण’, ठिकठिकाणचे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे गट, असा आधार धरा.

कारणांचा निवाडा नंतर करता येईल. आज माणूस वाचवा. कुठे जायचं कळत नसेल, तर १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर आजच विचारा.