लुळा हात आणि एकटा फिजिओथेरपिस्ट

गडचिरोलीच्या खेड्यांत माणसे सर्वाधिक कशाने दगावतात? हिवतापाने नव्हे, लकव्याने. ‘सर्च’ या संस्थेचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा. जे वाचतात, त्यांचे पुढे काय होते?

घरचे लोक रोग्याला खाटेवरून उठवतात ते लुळ्या हाताला धरून. खांदा निसटतो, ठणकू लागतो आणि सुधारू शकला असता तो हातही जातो. फऱ्याला आणि कमरेला आधार देऊन कसे उठवायचे, हे दहा मिनिटांत शिकवता येते. शिकवणारा फिजिओथेरपिस्ट मात्र तालुक्यात बहुधा एकटाच असतो, अनेकदा कंत्राटावर. मेंदूविकार, लहान मुले, सिकलसेलने निकामी झालेले खुबे, सगळे त्याच्याच समोर. अडले तर विचारायचे कोणाला? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटही बंद होते.

शहरातल्या उपचाराचे ध्येय खुर्ची आणि जिना. इथल्या बाईला मोहफुले वेचायला उकिडवे बसता आले पाहिजे, रोवणीच्या चिखलात तोल सांभाळता आला पाहिजे. माडिया म्हाताऱ्याला व्यायाम समजावायचा तर शब्दही त्याचेच हवेत. हे पुस्तकात सापडत नाही. कोणीतरी चुकतमाकत ते शिकतो, आणि कंत्राट संपले की ती विद्या त्याच्यासोबत निघून जाते. आम्हाला खरी भीती याची वाटते.

फिजिओथेरपिस्टांचे व्हॉट्सॲपवरचे गट एखाद्याच्या उत्साहावर चालतात आणि त्याची बदली झाली की थंडावतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली दूरच्या गावांतल्या डॉक्टरांना तज्ज्ञांशी नियमित जोडले. प्रत्येकाने आपला अडलेला रोगी मांडायचा, सगळ्यांनी शिकायचे. तो उपक्रम टिकला, कारण शिकणे हा कामाचाच भाग ठरला.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या आरोग्य प्रशासनाने फिजिओथेरपिस्टांना असे एकत्र शिकण्यासाठी महिन्यातला एक दिवस कामाचा दिवस म्हणून द्यावा, प्रवासभत्त्यासह. बैठक रोग्याच्या खाटेजवळ व्हावी, पाळीपाळीने दोन्ही जिल्ह्यांत. नोंदवही रुग्णालयात राहावी, म्हणजे नवा माणूस कोऱ्या पानापासून सुरुवात करणार नाही. लकव्यानंतर हाताची ताकद परत येते ती मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. म्हणून पहिली बैठक याच महिन्यात घ्या.