खड्ड्यांचा खर्च कोणाच्या खाती?

नगर-मनमाड रस्त्याची दुर्दशा हा अहिल्यानगर जिल्ह्यात आता बातमीचा विषय राहिलेला नाही. पाऊसपाण्यासारखा तो बोलण्याचा विषय झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पारनेरचे तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी नगर-मनमाड, नगर-पाथर्डी आणि नगर-करमाळा या तीन रस्त्यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषण केले. मध्यस्थी झाली, आश्वासने मिळाली, उपोषण सुटले. कामे निघाली आणि रेंगाळलीही. या रस्त्यांवर जे जीव गेले त्यांच्यामुळेच प्रश्नाला धार आली, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु खड्ड्यांमुळे होणारे आणखी एक नुकसान आहे. ते रक्तबंबाळ नसल्याने त्याची बातमी होत नाही. मात्र रोज होत असल्याने त्याची बेरीज फार मोठी होते.

नगरहून राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा लोणीच्या रुग्णालयात नोकरीसाठी जाणारा, किंवा उलट राहुरी-कोल्हारकडून नगरच्या औद्योगिक वसाहतीत येणारा माणूस या रस्त्याचा खरा भाडेकरू आहे. शिर्डीचा यात्रेकरू वर्षातून एकदा हाडे खिळखिळी करून घेतो. याला ते दिवसातून दोनदा करावे लागते. प्रथम चाकांचे अलाइनमेंट बिघडते, मग टायर एका बाजूने झिजतो, पुढे टायरला फुगा येतो. बुश आणि बॉल जॉइंट खडखडू लागतात, शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळते, आणि एखाद्या रात्री पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली न कळल्यामुळे रिम वाकते किंवा इंजिनाचे चेंबर फुटते. गॅरेजवाल्याला कारण विचारावे लागत नाही. ग्राहक कोणत्या गावाहून आला हे कळले की काय बदलायचे हे तो सांगू शकतो.

यावर विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. कायद्याने सक्तीचा आहे तो केवळ तृतीय पक्षाचा विमा. त्यातून आपल्या गाडीचा एक नटही मिळत नाही. सर्वसमावेशक विमा घेतला तरी झीज आणि यांत्रिक बिघाड त्यातून वगळलेले असतात. नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही; गाडीचेही त्याच वेळी नुकसान झाले असेल तर टायरचे निम्मे मिळते. चेंबर फुटल्यावर अंधारात, आडरस्त्यावर थांबण्याच्या भीतीने गाडी तशीच पुढे नेली आणि इंजिन जाम झाले, तर तो परिणामजन्य तोटा ठरून दावा अडतो. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. म्हणून शहाणा माणूस दावाच करीत नाही. खिशातून पैसे देतो आणि गप्प बसतो.

सरकारला मात्र यात तोटा नाही. दहा लाखांपर्यंतच्या खासगी मोटारीवर महाराष्ट्रात पेट्रोल असेल तर ११ आणि डिझेल असेल तर १३ टक्के कर एकरकमी भरावा लागतो. इंधनावर रस्त्यांच्या नावाने उपकर आहे. खड्ड्यात गाडीचा भाग मोडला तर नव्या भागावर वस्तू व सेवा कर आहेच. सप्टेंबर २०२५ पर्यंत अनेक सुट्या भागांवर तो २८ टक्के होता, आता १८ आहे. म्हणजे खड्डा न बुजवणाऱ्या शासनाला त्या खड्ड्यापासून थोडी प्राप्तीच होते! पेट्रोलवरील करातून रस्ते व्हावेत ही कल्पना या देशात रुजविली ती मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीने, १९२७-२८ मध्ये. तीतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. जो रस्ता वापरतो त्याच्याकडून घ्यावे आणि रस्त्यावरच खर्चावे, हा त्यामागील सरळ व्यवहार होता. त्यातले घेणे कोणी विसरलेले नाही.

न्यायालयांनी अलीकडे या प्रश्नात लक्ष घातले, हे चांगले झाले. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरविली, ती जबाबदार अधिकारी व ठेकेदारांकडून वसूल करावी असेही सांगितले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले १९८-अ कलम सदोष रस्त्याबद्दल एक लाखापर्यंत दंड सांगते, पण तोही मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच. माणूस मेला किंवा मोडला तर त्याचे मोल ठरते. गाडी मोडली तर काहीच घडले नाही असे समजायचे, अशी ही व्यवस्था आहे.

वस्तुतः हे नुकसान मोजता येत नाही असे मुळीच नाही. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९७७ ते १९८२ या काळात रस्ता वापरणाऱ्यांच्या खर्चाचा मोठा अभ्यास केला. रस्त्याचा खडबडीतपणा वाढला की इंधन, टायर, सुटे भाग आणि दुरुस्तीची मजुरी किती वाढते, याची समीकरणे त्यातून तयार झाली. भारतीय रस्ते महासभेची त्यावर आधारलेली नियमपुस्तिका आहे, आणि नवा महामार्ग मंजूर करून घेताना ती आवर्जून वापरली जाते. वाहनखर्चात इतकी बचत होईल, वेळ इतका वाचेल, म्हणून हा प्रकल्प किफायतशीर आहे, असे अभियंते त्यात दाखवितात. बांधायचा असतो तोपर्यंत प्रवाशाचा रुपया हिशेबात धरला जातो. रस्ता खचू लागला की त्याच प्रवाशाचा तोच रुपया हिशेबातून नाहीसा होतो, आणि डांबर व खडी यांचा खर्च तेवढा उरतो. मग दुरुस्ती महाग वाटते आणि पुढे ढकलणे स्वस्त! या विसंगतीकडे लोकप्रतिनिधींचेही लक्ष गेलेले दिसत नाही.

बांधकाम खात्याची बाजू अगदीच पोकळ नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गळिताच्या हंगामात उसाने लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत जातात. दक्षिणेकडून उत्तरेत जाणारी जड मालवाहतूक याच रस्त्याने होते. पण यातले अनपेक्षित काय आहे? सहकारी साखर कारखान्यांचा आरंभच प्रवरेच्या काठी १९५० च्या सुमारास झाला. ऊस या जिल्ह्यात काल आलेला नाही. रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढते, असे अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये झालेल्या प्रसिद्ध चाचणीतून दिसून आले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी आसावरील भाराची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भार अवघा आठवा हिस्सा वाढला; वरील हिशेबाने हानी मात्र सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. ट्रकवाल्याला सवलत मिळाली, तिची किंमत मागून येणारा मोटारवाला आणि मोटारसायकलवाला देत आहे.

प्रत्येक मोडक्या भागाची भरपाई सरकारने द्यावी, असे म्हणणे व्यवहार्य नाही. तसे केले तर रस्त्याऐवजी खोट्या बिलांचाच कारखाना निघेल. परंतु वाहनधारकांच्या या खर्चाचा अंदाज त्याच नियमपुस्तिकेने दर पावसाळ्यानंतर काढून देखभालीच्या अंदाजपत्रकाशेजारी छापण्यास काय हरकत आहे? ठेकेदाराच्या दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर तो आकडा त्याच्या अनामतीशी ताडून पाहता येईल. जेथे टोल आहे तेथे प्रश्न अधिक सोपा आहे. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील पालियेक्करा नाक्यावरील वसुली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्याच्या अवस्थेमुळे थांबविली, आणि तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्यात हस्तक्षेप केला नाही. नगर-मनमाड रस्त्यावरही ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीने चौपदरीकरण होऊन टोल घेतला गेला होता. त्या पैशांच्या मोबदल्यात प्रवाशांना काय मिळाले, याचा ताळेबंद कोणी मांडला आहे काय?

नागपूरहून समृद्धी महामार्गाने शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ पासून विनासायास कापता येतात. ते उद्घाटन आणि नगरचे उपोषण एकाच आठवड्यातील आहे. शिर्डीहून नगरपर्यंतचे सुमारे ८० किलोमीटर पार करताना मात्र गाडीवान अद्याप चाकाखालची जमीन चाचपत येतो. पुढच्या गळिताचे ट्रेलर रस्त्यावर उतरण्यापूर्वी पावसाळा संपल्यावर जे थोडे आठवडे मिळतात, त्यांतच ठिगळांच्या खालचा थर उकरून पाण्याला वाट करून देण्याचे काम होऊ शकते. त्याची निविदा पावसाळ्यापूर्वी निघाली पाहिजे.